दानाच्या शाळेचा डबा

"डबा रिकामा परत धाडू न्हाई, एवढंबी ज्या माणसांना कळत न्हाई, त्यांच्याकडं माझी सून दान शिकायला जायची न्हाई," असं आमच्या आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ओट्यावर उभं राहून जाहीर केलं. त्या क्षणी माझं उच्च शिक्षण एका पत्र्याच्या डब्यात येऊन बसलं होतं. डबा रिकामाच असल्यामुळे जागा भरपूर होती.

पण हे असं मधूनच सांगून कुणाला काही कळायचं नाही. आकांक्षा नुकतीच झोळीत झोपली आहे. तिची झोप किती टिकेल याचा भरवसा नाही, तेव्हा पहिल्यापासून आणि जरा जल्दी सांगते.

पुण्याच्या एका संस्थेची जाहिरात मी मोबाईलवर वाचली. परोपकार या विषयाचं पदव्युत्तर शिक्षण. माणसं का देतात, कशी देतात, दिलेलं कुठं पोचतं आणि कुठं मुरतं, ट्रस्ट कसे चालतात, असा सगळा अभ्यास. बराचसा घरून करायचा, अधूनमधून आठवडाभर पुण्याला जायचं. आणि ज्या समाजांतली मुलं-मुली असल्या शिक्षणात फारशी दिसत नाहीत, त्यांच्यासाठी फेलोशिप. मी ते वाचलं आणि पोटात काहीतरी हललं. आकांक्षाच्या वेळी हललं होतं तसंच, पण हे माझ्या एकटीचं होतं. पदवीनंतर मी मन लावून वाचलेला एकमेव मजकूर म्हणजे तिच्या लसीकरणाचं कार्ड, हे लक्षात घेतलं म्हणजे कळेल.

आदिनाथला सांगितलं. त्याचं वडीगोद्रीत हायवेला लागून पंक्चरचं दुकान आहे. टायर असो की बायकोचा बेत, आधी हवा भरून बघायची, गळत असेल तर आपोआप कळतं, असं त्याचं एकूण धोरण. तो म्हणाला, "कर की."

एवढंच म्हणून थांबला असता तर बरं झालं असतं. पण दुकानात पंक्चर निघेपर्यंत माणसं बसलेली असतात आणि त्यांना काहीतरी बातमी लागते. दिवस मावळायच्या आत मल्हारीची सून दानाच्या शाळेत चालली, हे गावभर झालं.

मल्हारी म्हणजे माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणते. ते रात्रीच्या जेवणाला ताटावर बसले आणि घास न घेताच म्हणाले, "आपल्या बापजाद्यांनी लोकांच्या वावरात मेंढरं बसवली. लेंडीखत दिलं, दाणे घेतले. दान कुणाचं घेतलं न्हाई."

"मामा, दान घ्यायचं न्हाई. त्याचा अभ्यास करायचा."

"त्याच्यात अभ्यास काय करायचा? द्यायचं तर द्यावं, न्हाई तर गप बसावं."

आता मी अभ्यासक्रम पाहिला आहे, म्हणून सांगते, पहिल्या पेपरातला पहिला प्रश्न साधारण हाच आहे. फक्त तो पानभर आहे.

दुसऱ्या दिवसापासून बायका येऊ लागल्या. एकीला शिलाई मशीन हवी होती, एकीला सासऱ्याच्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं होतं. मी सगळ्यांना सांगायची, मी देणारी नाही, मी शिकणारी आहे. त्यावर त्या समजूतदारपणे मान हलवत आणि जाताना हळूच म्हणत, "बराबर हाय. पण झाल्यावर ध्यानात ठेव."

अर्जाबरोबर, आपण कमी प्रतिनिधित्व असलेल्या समाजातल्या आहोत याचा पुरावा जोडायचा होता. मी आकांक्षाला काखेत घेऊन दाखल्यांच्या खिडकीवर गेले. खिडकीतला माणूस सज्जन होता. त्यानं जाहिरात दोनदा वाचली.

"ताई, जातीचा दाखला हाय, उत्पन्नाचा हाय, रहिवाशाचा हाय, नॉन-क्रिमीलेअर हाय. कॉलेजात कमी दिसण्याचा दाखला आपल्याकडं न्हाई."

"मंग काय करू?"

त्यानं खरोखर विचार केला. "कॉलेजवाल्यांनाच म्हणा, आम्ही दिसतो का बघा. न दिसल्या तर तेच देतील लिहून."

शेवटी जातीचा दाखला चालेल असं कळलं. पण तो माहेरच्या नावानं, आणि तोही घनसावंगीला भावाच्या कपाटात. संस्थेनं मोठ्या मनानं कळवलं की, मुलाखतीनंतर दिला तरी चालेल. ही सवलत मला पुढं किती महागात पडणार होती ते तेव्हा कळलं नाही.

आता राहिली चित्रफीत. 'तुमच्या परिसरातलं देण्याचं एक उदाहरण' मोबाईलवर टिपून पाठवायचं होतं. हे तातेरावांच्या कानावर गेलं आणि ते इस्त्रीचा पांढराशुभ्र शर्ट घालून थेट दारात आले.

तातेरावांची ओळख अशी की, गल्लीतल्या सभामंडपाला त्यांनी पंखा दिलेला आहे. पंख्याच्या एका पात्यावर 'तातेराव यांचेकडून', दुसऱ्यावर 'कै. मातोश्रींच्या' आणि तिसऱ्यावर 'स्मरणार्थ' असं लाल रंगात लिहिलं आहे. उद्घाटनाला पंखा लावला तेव्हा लक्षात आलं की फिरताना यातलं काहीच वाचता येत नाही. तेव्हापासून तो बंद आहे. कुणी चुकून लावू नये म्हणून बटणावर काळी चिकटपट्टी मारलेली आहे. उन्हाळ्यात भजनी मंडळ त्या पंख्याखाली बसून हातातल्या पुठ्ठ्यांनी वारा घेतं आणि वर बघून मातोश्रींचं स्मरण करतं.

"सूनबाई," तातेराव म्हणाले, "दान पाहायचं आसंल तर वर पाहा."

एवढं आपलेपणानं बोलल्यावर नाही कसं म्हणणार? सभामंडपात सगळे जमले. आदिनाथनं मोबाईल धरला. तातेराव पंख्याच्या बरोबर खाली उभे राहिले आणि भाषण सुरू झालं. ते मातोश्रींच्या बालपणापासून निघाले. उकाडा असा की, आकांक्षाच्या केसांतून पाणी निथळायला लागलं आणि तिनं सूर लावला. आत्यांनी तिला खांद्यावर थोपटलं, पदरानं वारा घातला, तातेरावांकडं पाहिलं, वर पाहिलं. मातोश्रींचं लग्न अजून व्हायचं होतं. मग आत्या भिंतीपाशी गेल्या, नखानं चिकटपट्टी सोलली आणि बटण दाबलं.

पंखा आधी कण्हला. मग एकदम फिरला. वर्षानुवर्षांची धूळ आणि चिमण्यांचं एक सोडून दिलेलं घरटं, असं सगळं तातेरावांवर बरसलं. घरटं रिकामं होतं, हे मी मुद्दाम सांगते, कारण आकांक्षा मोठी झाल्यावर हे वाचणार आहे.

हळूहळू धूळ खाली बसली. नंतर भजनी मंडळातला एक म्हातारा डोळे मिटून म्हणाला, "वारा ग्वाड हाय बरं का, तातेराव."

तातेराव आमच्याशी बोलेनासे झाले. पंखा मात्र सुरूच राहिला, कारण चिकटपट्टी पुन्हा चिकटेना. आणि अर्जाची मुदत तर त्याच दिवशी संपत होती, तेव्हा मी तीच चित्रफीत घरट्यासकट पाठवून दिली. मनात म्हटलं, झालं, आता बाजरीच्या खारोड्या वाळवायच्या आणि गप बसायचं.

तर मुलाखतीला बोलावलं.

मुलाखत मोबाईलवर होती. आमच्याकडं त्या वेळेला वीज नसायची, म्हणून शेजारच्या अकबरबींच्या घरात बसले. त्यांचे यजमान लालमियाँ गाद्या भरतात. त्यांच्याकडं इन्व्हर्टर आहे आणि कापसाच्या गठ्ठ्यांमुळे बाहेरचा आवाजही आत येत नाही. मी अकबरबींना खाला म्हणते. खालांनी मला कापसाच्या ढिगापुढं बसवलं, कपाळावरचे केस मागं सारले आणि म्हणाल्या, "बिलकुल घबराना नै. पोरीला मी बघते."

मी सगळं पाठ केलं होतं. परोपकाराचा इतिहास, व्याख्या, दात्याची जबाबदारी. पडद्यावर चष्मा लावलेल्या एक मॅडम होत्या, त्यांनी त्यातलं काहीच विचारलं नाही. त्या म्हणाल्या, "पंखा कोणी लावला?"

"सासूबाईंनी."

मॅडम खाली बघून बराच वेळ काहीतरी लिहीत होत्या. त्यांचे खांदे हलत होते. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या घरी आणि शेजारी, कोण कुणाला देतं? देणारं कोण आणि घेणारं कोण?"

नेमक्या त्याच वेळी आत्या मागच्या दारानं एक स्टीलचा डबा घेऊन आल्या आणि खालांशी कुजबुजत भांडू लागल्या. डब्यात आमचं पिठलं होतं, कारण खालांकडून आदल्या दिवशी त्याच डब्यातून खिचडा आला होता. तो का आला होता, तर त्याआधी आमच्याकडून शेंगदाण्याचे लाडू गेले होते. हा डबा मी लग्न करून आले तेव्हाही फिरतच होता. खाला म्हणत होत्या, "परवाच दिलं ना तुम्ही, आता पुना कायकू?" आत्या म्हणत होत्या, "मंग रिकामा आणून देऊ का?" माझी सगळी व्याख्या त्या कुजबुजीत विरून गेली.

"माहीत नाही, मॅडम," मी म्हणाले. "डबा फिरत असतो."

आणि नेटवर्क गेलं.

परोपकारावरचं माझं संपूर्ण चिंतन संस्थेपर्यंत पोचलं ते एवढंच. मी कापसात तोंड खुपसून रडले. त्यामुळे लालमियाँचा थोडा कापूस खराब झाला. ते म्हणाले, "रहने दे बेटी, लोडात घालीन."

काही दिवसांनी संस्थेकडून पार्सल आलं. मुलाखत दिलेल्या सगळ्यांनाच आलं असावं. निळ्या झाकणाचा पत्र्याचा सुरेख डबा, वर संस्थेचं नाव छापलेलं, आत कुठल्याशा बचत गटानं केलेली नाचणीची बिस्किटं आणि आभाराचं कार्ड. निकाल नंतर कळवू, असं कार्डावर होतं. आम्ही बिस्किटं वाटून खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी मी आकांक्षाला घेऊन त्या दाखल्यासाठी घनसावंगीला गेले. भावाच्या कपाटाची किल्ली वहिनीकडं, वहिनी तिच्या माहेरी, असं करत दोन मुक्काम पडले.

परत आले तर फडताळातला डबा नव्हता.

"धाडला की," आत्या भाकरी थापत म्हणाल्या.

"कुठं?"

"ज्याचा त्याला."

इथं आमच्याकडची एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या घरातल्या प्रत्येक भांड्यावर नाव कोरलेलं आहे. ताटावर, तांब्यावर, वाटीवर, झाऱ्यावरसुद्धा. लग्नकार्यात गल्लीची भांडी एकत्र होतात आणि नंतर नावं वाचून घरोघर परत जातात. ज्याचं नाव, त्याचं भांडं. याला अपवाद नाही. त्या निळ्या डब्यावर संस्थेचं नाव होतं. म्हणजे डबा संस्थेचा. म्हणजे परत द्यायचा. आणि परत द्यायचा तो रिकामा कसा द्यायचा? आत्यांनी शेंगदाण्याचे लाडू वळले, खालांनी रव्याच्या नानखटाया केल्या, आणि आदिनाथनं तो डबा कुरिअरनं पुण्याला धाडून दिला.

"अहो, तुम्ही तरी," मी आदिनाथला म्हणाले, "निकाल लागायचाय अजून. निवड करणाऱ्यांना खाऊ पाठवला आपण. त्याला काय म्हणत्यात?"

तो विचार करून म्हणाला, "पाहुणचार."

"लाच म्हणत्यात, लाच."

आत्यांची भाकरी तव्यावरच राहिली. "लाडवाची लाच?" त्या म्हणाल्या. "लाच द्यायची आसती तर तूप न घातलं आसतं?"

मी झोळीची दोरी एका हातानं ओढत दुसऱ्या हातानं संस्थेला ईमेल लिहिली. ती मी आयुष्यात लिहिलेली सर्वांत भारदस्त ईमेल होती. 'सदर लाडू हे कोणत्याही अपेक्षेने पाठविण्यात आलेले नसून' अशी तिची सुरुवात होती. भांड्यांवरची नावं, रिकामं भांडं, सगळं समजावून सांगितलं. पाठवल्यावर वाचली तर ती अगदी लाच देणाऱ्या माणसानं लिहिल्यासारखीच वाटत होती.

त्यांचं उत्तर सभ्य होतं. उमेदवारांकडून कोणतीही भेट स्वीकारता येत नाही, असा नियम आहे, सबब लाडू परत करणं आवश्यक होतं. तथापि पाठवणाऱ्याचं नाव पाहण्यापूर्वीच कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांनी ते संपवले, याबद्दल दिलगिरी. निवड समितीतल्या कुणीही लाडू खाल्लेला नाही याची खात्री करून घेतली आहे. डबा परत पाठवत आहोत. आणि निकाल लागेपर्यंत उमेदवारांना आणखी काही देताही येत नसल्यानं तो रिकामा आहे.

तो रिकामा डबा आला तेव्हाची आत्यांची घोषणा सुरुवातीलाच सांगितली आहे.

मी पुष्कळ समजावलं. "आत्या, त्यांचा नियम हाय."

"साखर टाकता येत न्हाई आसा कुठं नियम आसतो का? चिमूटभर?"

"निकाल लागायचाय म्हणून."

"मी लाडू खाल्ल्याबद्दल बोलून राह्यले न्हाई. खाल्ले, बरं झालं. मी डब्याचं बोलून राह्यले."

खरं सांगायचं तर मला धास्ती निकालाची नव्हती. तिकडून नकार आला असता तर चार दिवस वाईट वाटून गेलं असतं. पण आकांक्षा अजून अंगावर पिते, रांगते, हाताला लागेल ते तोंडात घालते. आत्यांनी तिला सांभाळायचं मनावर घेतलं नाही तर पुणंही नाही न अभ्यासही नाही. माझ्या बाजूनं घरात पहिल्या दिवसापासून कोणी उभं असेल तर त्याच. मामांना त्यांनीच गप केलं होतं. आणि आता त्याच म्हणत होत्या, असल्या दारात जायचं नाही.

अशात फोन आला. निवड झाली होती.

मी बातमी सांगितली. आदिनाथ म्हणाला, "बघ, हवा टिकली." मामांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली, हा त्यांचा आनंद. आत्या आकांक्षाला तेल लावत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही, मानही वर केली नाही.

तेवढ्यात खाला कुंपणापलीकडून आत्यांना म्हणाल्या, "आशाबाई, किती दिवस रागात बसता? त्यांना कुनी शिकवलंच नसंल."

"एवढी मोठी शाळा घातली, न एवढं शिकवलं न्हाई?"

"हौ. म्हणून तर पोरीला बुलाया."

आकांक्षाचं एक पाऊल तेलानं चमकत होतं, दुसरं कोरडं होतं. शेवटी त्यांनी दुसरं पाऊल हातात घेतलं.

"मी येते संगं," त्या म्हणाल्या. "पोरगीबी येईल. बघू तरी कोण हायेत."

असं आमचं पहिल्या आठवड्याचं पुण्याला जाणं झालं. आत्यांच्या मांडीवर आकांक्षा, माझ्या मांडीवर निळा डबा. लाडू, नानखटाया, सगळं नव्यानं. निघताना स्टँडवर तातेराव भेटले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलले. म्हणाले, "सूनबाई, फिरत्या पंख्यावर नाव वाचता येईल आसं काही शिकवत आसतील तर विचारून ये." मी विचारीन म्हणाले.

संस्थेच्या कार्यालयात काचेचं दार होतं, गार हवा होती आणि भिंतीवर देणगीदारांच्या नावांची मोठी पाटी होती. आत्यांनी ती एकदा वरपासून खालपर्यंत पाहिली, "तातेरावांची माणसं," असं पुटपुटल्या आणि खुर्चीच्या कडेवर टेकल्या. आतून त्याच चष्म्याच्या मॅडम आल्या. आत्यांनी उठून डबा त्यांच्यापुढं धरला.

"हा तुमचा. नाव तुमचं हाय."

मॅडमनी डब्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "आता घेता येईल," त्या म्हणाल्या. "मोनिका आता उमेदवार नाही." आणि डबा घेऊन आत गेल्या.

मी आतापर्यंत अर्ज दिला, मुलाखत दिली, दाखला दिला. पण निकालाची एवढी वाट कधी पाहिली नव्हती. आत कुठंतरी नळ वाहिल्याचा आवाज आला. कप्पे उघडल्याचा, लावल्याचा, पुन्हा उघडल्याचा आवाज आला. आत्या समोर बघत होत्या. आकांक्षा त्यांच्या गळ्यातली पोत चोखत होती.

मॅडम परत आल्या. डबा धुतलेला, पुसलेला, झाकण घट्ट लावलेलं. त्यांनी तो आत्यांच्या हातात दिला. आत्यांनी तो कानाशी नेऊन हळूच हलवला.

आत काहीतरी सळसळलं.

झाकण उघडलं तर तळाशी साखरेच्या पुड्या. कार्यालयात चहाबरोबर ठेवतात तसल्या, कागदाच्या बोटभर लांब नळ्या, मूठभर.

"दुसरं काही सापडलं नाही हो," मॅडम म्हणाल्या. डबा धुतलेल्या गरम पाण्याच्या वाफेनं त्यांचा चष्मा धुरकटलेला होता. "मागच्या वेळेस आईला सांगितलं, रिकामा पाठवला म्हणून. ती आठवडाभर बोलली नाही माझ्याशी."

आत्यांनी एक पुडी काढून उजेडात धरली, दाबून पाहिली, परत आत ठेवली आणि झाकण लावलं. मग आकांक्षाला कडेवर घेतलं आणि मला कोपरानं ढकललं.

"जा, बस वर्गात. मी हाय हिच्यापाशी."

मी दारापर्यंत गेले आणि मागं वळून पाहिलं. डबा त्यांनी आपल्या पिशवीत ठेवला होता आणि मॅडमना सांगत होत्या, "पुढल्या बारीला आणते मंग परत. नाव तुमचं हाय ना."